शुक्रवारी राजी असणारा कॉम्प्युटर

आमच्या घरात शिरला की उस्ताद आधी खिडकीचा गज धरायचा. रामराम नाही, पाणी नाही. चपला उंबऱ्याबाहेर, पिशवी खांद्यावर आणि उजव्या हाताची मूठ गजावर. डोळे मिटून उभा. नवख्या माणसाला वाटावं, याला चक्कर आली. मग डोळे उघडून विचारायचा, "हां, आता बोला. कोण रुसलंय?"

त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या अंगात बारीक वीज साठलेली असते. तशाच हाताने उघड्या मशीनला शिवलं तर आतलं जळतं. म्हणून ती आधी लोखंडात सोडायची. हे खरं आहे असं माझा मुलगाही सांगतो. पण उस्ताद एकटा धरून थांबायचा नाही, घरातल्या सगळ्यांना धरायला लावायचा. शेजारीण विरजण मागायला आली, तिलाही. लाइट बिल टाकायला आलेल्या माणसाने एकदा धरला होता. का धरायचा ते न विचारता धरला, बिल दिलं आणि गेला. उस्तादच्या बोलण्यात तशी जरब होती.

सगळी गल्ली त्याला उस्ताद म्हणायची, मीही तेच म्हणतो. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. उंच, पुढे वाकलेला. चष्म्याला दोरीऐवजी पॉवरलूमवरच्या कापडाची कातरलेली किनार बांधलेली. खिशात पानाचा चपटा डबा, पण त्यात पान नाही, स्क्रू. पान खाणाऱ्याने चुना काढावा तसा बोटाच्या टोकाने स्क्रू काढायचा. बापाचा जन्म लूमवर गेला, आज्याचा हातमागावर. हा मात्र लूमचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवायचा. "जॉबरसाब, त्या खटखटीपासून पळून पळून इथवर आलो," म्हणायचा. दुकानही शोधून शोधून अशा गल्लीत घेतलं, जिथे लूम ऐकू येत नाहीत. भिवंडीत अशी गल्ली शोधणं म्हणजे खाडीत गोडं पाणी शोधणं. रात्री झोपायला मात्र बापाच्याच घरी, लूमच्या भिंतीला लागून.

मला तो जॉबरसाब म्हणायचा, कारण मी लूमवर जॉबर होतो. लूम बिघडला की उघडायचा, ठोकायचा, चालू करायचा. शाळा दुसरीपर्यंत. आमचं घर भिवंडीला लागून, शेलारला. घराच्या दोन्ही अंगांना कारखाने, भिंतीला भिंत. खटखट सकाळी सुरू होते ती चालूच. दुपारी दारातून ऊन आत येतं, त्यात सुताची धूळ तरंगत असते, वर जाते, खाली येते, कुठे बसत नाही. मी त्या उन्हाकडे बघत बसतो. आता दुसरं काम काय आहे.

उस्तादचा एक हेका होता. कुठल्याही बिघाडाला साक्षीदार असतो म्हणायचा. "मशीन झूट नहीं बोलती. घरवाले बोलतात." त्यामुळे मशीन उघडायच्या आधी तो पोलिसासारखी चौकशी करायचा. काल काय शिजवलं? फोडणी कुठे दिली? पाहुणा कोण आला होता? झाडू कुणी मारला? माझी बायको एकदा म्हणाली, "उस्ताद, तू कॉम्प्युटर बघाया आलास का सोयरीक जुळवाया?"

तिच्या लुगड्यावर त्याचा फार राग. नायलॉनचं लुगडं, चाललं की सळसळतं, त्यात वीज भरलेली असते म्हणायचा. "भाभी, लांब. तिकडे चुलीजवळ."

"माझ्या घरात मीच लांब?"

"मशीन मरेल."

"मरंल तर मरंल. माझ्या लुगड्याला बोललास तर चहा न्हाय मिळणार."

चहा मिळायचा. तो बिनसाखरेचा मागायचा आणि खिशातून गुळाचा खडा काढून त्यात टाकायचा. बशी ठेवायचा ती थेट कॉम्प्युटरच्या डब्यावर. लुगड्याची वीज चालत नव्हती, चहाची बशी चालत होती. हे बायकोने त्याला तोंडावर ऐकवलं. तो म्हणाला, "बशी माझी आहे. ती सांडणार नाही." आणि नाही सांडली कधी, हेही खरं.

दुरुस्ती झाली की दुसरा कुणी म्हणेल, झालं. तो कधी झालं म्हणाला नाही. डब्यावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "सध्या राजी आहे."

माझी बायको धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, लागतात. हळद लावताना, मांडव घालताना, नवरीला बाहेर काढताना, एकेकाचा धवला वेगळा, आणि तो धवलारणीनेच म्हणायचा. कोन गावापासून इकडच्या सगळ्या गावांत तिला बोलावणं यायचं. तिने म्हटल्याशिवाय हळद पाट्यावर पडायची नाही. मी मागे पिशवी घेऊन. लोक मला धवलारणीचा नवरा म्हणायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही, जेवायला पहिल्या पंगतीला बसायला मिळायचं.

कॉम्प्युटर मुलाचा. तो कोर्स करत होता तेव्हा घेतलेला. एकदा त्याला माइक जोडून हवा होता म्हणून उस्तादला बोलावलं. दुपारची वेळ. उस्तादने माइक लावला, गज धरला, आणि बायकोला म्हणाला, "भाभी, काहीतरी बोला. आवाज जातो का बघायचं."

"काय बोलू?"

"काहीपण."

"बोलाया न्हाय येत मला. गाया येतं."

"गा मग. एक ओळ बस."

तिने हळदीचा धवला लावला. धवलारणीला अर्धा धवला म्हणता येत नाही, अपशकुन असतो. एक ओळ कुठली, पूर्ण म्हटला. नवरीच्या आईचं नाव घ्यायचं तिथे कुणाचं तरी घेतलं, मामाला हाक मारायची तिथे मारली, देवांना बोलावलं, गावदेवीला बोलावलं. उस्ताद सगळा वेळ गज धरून उभा. थांबवायला तोंड उघडलं नाही त्याने. संपला तेव्हा ती पदराने तोंड पुसत चुलीकडे गेली, जसं काही पाणी भरून आली.

मग त्याने तो वाजवला. ती ऐकत राहिली. म्हणाली, "ही कोण म्हातारी?"

मी म्हटलं, "तूच."

"मी अशी न्हाय." पण पुन्हा लावायला सांगितला.

उस्तादचं तोंड मात्र पडलेलं. तिच्या आवाजामागे लूम आले होते. खटखट, खटखट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. "खराब झालं भाभी. लूम बंद असताना पुन्हा घेऊ. शुक्रवारी."

"शुक्रवारी तू कुठं येतोस?"

ते बरोबर होतं. शुक्रवारी लूमला सुट्टी, गाव गप्प. आणि शुक्रवारी उस्तादचा जुम्मा. त्या दिवशी तो हातात स्क्रू धरायचा नाही, कुणाच्या घरी जायचा नाही. म्हणून पुन्हा घेणं राहिलं ते राहिलंच.

ती गेली त्याला दोन दिवाळ्या झाल्या. आजार सांगत बसत नाही. गेली.

मुलगा कल्याणला फ्लॅटमध्ये राहतो. कॉम्प्युटर त्याने नेला नाही, त्याच्याकडे नवा आहे. जाताना मला दाखवून गेला, इथे दाबायचं, इथे दोनदा दाबायचं, की आई लागते. मी रोज दुपारी लावायचो. दारातलं ऊन, ती धूळ आणि तिचा आवाज. मुलाने फोनमध्येही भरून दिला होता. फोनमध्ये ती डासासारखी कानाशी लागते. मला खोलीत हवी होती. ज्या भिंतींनी ऐकली त्याच भिंतींत.

मग एके दिवशी कॉम्प्युटर चालूच होईना. उस्ताद आला, गज धरला, डबा उघडला, नाक आत घालून वास घेतला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेला." मदरबोर्ड म्हणजे आतली ती मोठी हिरवी पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लूमची चौकट. तो त्याने बदलला. त्याच कंपनीचा मिळेना, दुसऱ्या कंपनीचा बसवला. धवला ज्या डिस्कमध्ये होता तिला धक्का लागू दिला नाही. तळहात ठेवून म्हणाला, "सध्या राजी आहे."

राजी नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी धवला लावला. मामाला हाक मारते तिथे आला आणि स्क्रीन निळी झाली. इंग्रजीत काहीतरी लिहून आलं, मशीन आपलं आपण बंद झालं आणि आपलं आपण पुन्हा सुरू झालं. पुन्हा लावला. या वेळी गावदेवीपर्यंत गेला. तिसऱ्यांदा सुरुवातच झाली नाही. ज्या बाईने जन्मात अर्धा धवला म्हटला नाही, ती माझ्या घरात रोज अर्ध्यावर थांबायला लागली. मला ते सहन होईना.

उस्तादने रॅम बदलून बघितली. पॉवरचा डबा बदलला. विंडोज नवी टाकली, धवला आधी बाजूला काढून. दुकानात नेऊन चालवलं की दिवसभर चालायचं. घरी आणलं की निळं. तो म्हणाला, "घराच्या वायरिंगचा दोष." वायरिंग बदललं. म्हणाला, "अर्थिंग नाही." मागच्या अंगणात खड्डा केला, त्यात कोळसा आणि खडं मीठ भरलं, तार सोडली. शेजारीण विचारते, "कोणाला पुरलं?" तरी निळं. मग तो पुन्हा साक्षीदारावर आला. फोडणी कुठे देता? मी म्हटलं, "फोडणी देणारी गेली. मी भात आणि सुकट खातो." त्यावर तो म्हणाला, "तिचं लुगडं अजून या खोलीत आहे का?"

होतं. दांडीवर, तिने टाकलं तसं. मी म्हटलं, "त्याला हात लावलास तर तंगडं तोडीन." तो गज धरून उभा राहिला बराच वेळ.

एक गोष्ट मी त्याला सांगत होतो. शुक्रवारी चालतं. खरंच, शुक्रवारी दुपारी लावला की धवला शेवटपर्यंत जायचा. पण शुक्रवारी तो यायचा नाही, त्यामुळे त्याने ते कधी बघितलं नाही. हसायचा. "अच्छा है. त्यालाही जुम्मा कळतो." मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. आठवड्याची सुट्टी माणसाला मानवते, मशीनला मानवली असेल.

शेवटी मुलगा येऊन कॉम्प्युटर कल्याणला घेऊन गेला. दोन दिवसांनी मला बोलावलं. सोफ्यावर बसवलं, धवला लावला. शेवटपर्यंत गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, मशीन चांगलं आहे. घर खराब आहे. तुम्ही पण इकडे या. एकटे काय करताय तिथे? गोडाऊन बांधायला एकजण आपलं घर मागतोय, देऊन टाकू."

सून चांगली आहे, नातीही चांगल्या आहेत. खोटं कशाला बोलू. पण दुपारी त्या फ्लॅटमध्ये आडवा झालो तर झोप लागेना. अंगाखालची जमीन मेल्यासारखी वाटत होती. कशामुळे, ते कळेना. उठून बसलो. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर ती गात होती आणि मला वाटत होतं, हिला इथे कुणी आणली, हिला इथलं कुणी ओळखत नाही.

मी मुलाला म्हटलं, "मशीन एकदा परत शेलारला ने. उस्तादला शेवटचं बघू दे. न्हाय झालं तर येतो. घर पण देऊ."

शब्द दिला तो दिला.

उस्तादला मी सगळं सांगितलं. या वेळी राजी झालं नाही तर मी चाललो. तिच्या आवाजासाठी घर सोडायचं, का घरासाठी आवाज, मला दोन्ही नको होतं. त्याने नेहमीसारखी चौकशी केली नाही. दुपार होती. दोन्ही बाजूंनी लूम चालू. मी केलेला पांचट चहा त्याने घेतला, गूळ टाकला, गज धरला आणि तसाच खोलीभर बघत राहिला. स्वप्नात असल्यासारखा. ऊन, धूळ, दांडीवरचं लुगडं, तिचा फोटो. मग त्याची नजर देवांच्या फळीवर थांबली.

"जॉबरसाब," तो हळू म्हणाला, "तुमचे देव कुठे निघाले?"

मी बघितलं. पितळेचे लहान देव आमचे, टाकासारखे. सगळे फळीच्या कडेला येऊन उभे होते. एक तर अर्धा बाहेर.

"सरकतात ते," मी म्हटलं. "लूमच्या धक्क्यानं. ती रोज सकाळी मागं ढकलायची."

हे बोललो आणि बोलता बोलता मला कळलं की ती गेल्यापासून ते कुणी ढकललेच नव्हते. दिवा लावत होतो, फूल ठेवत होतो. देव चालत चालत कडेला आले आणि मी बघितलं नाही.

उस्तादने जमिनीवर तळवा टेकवला. मग भिंतीवर. मग कॉम्प्युटरच्या डब्यावर. "थरथरतंय," म्हणाला. "हे सगळं घर थरथरतंय. तुम्हाला कळत नाही?"

"मला काय कळणार? मी जन्मापासून त्यातच हाय."

"शुक्रवारी थरथरत नाही. कल्याणला थरथरत नाही. माझ्या दुकानात थरथरत नाही." तो स्वतःशीच बोलत होता. "साक्षीदार फळीवर बसलेत आणि मी खड्डे खणतोय."

त्याने डबा आडवा केला, उघडला, आणि यावेळी सगळा मदरबोर्डच बाहेर काढला. बोर्ड डब्याच्या पत्र्याला चिकटू नये म्हणून खाली पितळेचे बारीक खुंट असतात. बोर्डाला जिथे भोक, तिथे खुंट, वरून स्क्रू. नव्या बोर्डाखाली एक खुंट असा होता की त्याच्या वर भोकच नव्हतं. जुन्या बोर्डाला तिथे भोक होतं. दुसऱ्या कंपनीचा बोर्ड बसवताना तो खुंट काढायला हवा होता. राहिला होता. बोर्डाच्या पाठीवर त्या जागी घासून घासून चमक आली होती. मधे केसाएवढी फट. गाव गप्प असलं की फट राहायची. लूम चालले की खुंट बोर्डाला शिवायचा आणि वीज नको तिथे जायची. लूममध्ये असं झालं असतं तर मी लांबून ऐकून सांगितलं असतं. यात मला काय कळणार.

बोर्ड बसवणारा उस्तादच होता. दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

वायरिंग, अर्थिंग, फोडणी, लुगडं, सगळ्यांवर त्याने बोट ठेवलं होतं. मी बोललो असतो तर चांगलं नसतं निघालं तोंडातून. मग तो उठला. खिडकीपाशी गेला, गज धरला, नेहमीसारखे डोळे मिटले. उघडले ते तिच्या फोटोकडे बघून.

"भाभी," तो म्हणाला, "लुगड्याचा गुन्हा नव्हता. खुंट माझा होता."

तो खुंट त्याने काढला, पानाच्या डब्यात टाकला. बोर्ड परत बसवला. मला म्हणाला, "लावा." दोन्ही कारखाने चालू होते, भर दुपार. मी दोनदा दाबलं. ती गायला लागली. मामापाशी आली, मामा पार झाला. गावदेवी पार झाली. शेवटचं आवतण देऊन ती थांबली, आणि बाहेरचे लूम तसेच चालत राहिले. म्हणजे गाण्यातले लूम कधी संपले आणि खरे कुठे सुरू झाले, ते कळलंच नाही.

उस्तादने डब्यावर तळहात ठेवला. नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बशीतला गार चहा पिऊन गेला.

मुलाला फोन करून सांगितलं, मी येत नाही. तो चिडला, मग हसला. म्हणाला, "एका स्क्रूसाठी?" मी म्हटलं, "हो."

आता उस्तादच भिवंडीत नाही. डोळे कमी झाले, स्क्रू दिसेनात. त्याचा मुलगा येऊन त्याला मुंब्र्याला घेऊन गेला. वरच्या मजल्यावर घर, खिडकीला गज नाहीत, काच आहे म्हणे. लूम तर नाहीतच. त्याला हवं होतं तसं सगळं गप्प. दर शुक्रवारी नमाजानंतर तो मला फोन करतो. पहिला प्रश्न तोच, "राजी आहे?"

"हाय."

"देव?"

"मागं ढकलले सकाळी."

शुक्रवार, म्हणजे माझ्याकडेही गाव बंद. ऊन दारात, धूळसुद्धा नीट खाली बसलेली. गेल्या शुक्रवारी तो म्हणाला, "झोप येत नाही जॉबरसाब. इथे जमीन हलत नाही."

मी फोन कॉम्प्युटरच्या बॉक्सपाशी धरला आणि धवला लावला. अर्धा म्हणून चालत नाही, पूर्ण ऐकवला. संपल्यावर फोन कानाला लावला.

"अजून एकदा लावा," तो म्हणाला. "आवाज मोठा करा."

"तिचा?"

"तिचा पण," उस्ताद म्हणाला. "पाठचा पण."